लिंडेन हलवता येत नाही

हॅम्बर्गच्या उत्तरेला

मे महिन्यात जर्मनीला गेलो तेव्हा अंगात उत्साह होता. नोव्हेंबर लागेपर्यंत तो पार निथळून गेला. पुण्याच्या सरकारी रोपवाटिकेतली माझी नोकरी, पन्नाशी ओलांडलेलं वय, जिना चढताना कुरकुरणारे गुडघे. आणि खात्यानं धाडलं ते हॅम्बर्गच्या उत्तरेला, जिथं नजर पोचेल तिथवर झाडांच्या रोपांचे मळेच मळे आहेत. रस्त्याकडेची सावलीची झाडं हे लोक कशी वाढवतात ते शिकून यायचं, एवढंच काम. युद्धात शहरं जळली तशी रस्त्यांवरची झाडंही जळली, आणि जी वाचली ती पुढच्या कडाक्याच्या हिवाळ्यात लोकांनी चुलीत घातली. आता नव्या रस्त्यांना नवी झाडं हवी होती. मी होतो त्या मळ्यात सगळ्यांत जास्त मागणी लिंडेनला.

लिंडेन आपल्याकडं नाही, म्हणून थोडं सांगतो. पान पिंपळासारखं हृदयाच्या आकाराचं, पण पिंपळाची ती लांब शेपटी नाही, आणि देठाशी एक बाजू दुसरीपेक्षा किंचित खाली उतरलेली. कुळ म्हणाल तर आपल्या धामणीचं आणि फालशाचं. धामणीच्या सालीचे आपण दोर वळतो, तसे तिकडचे लोक पूर्वी लिंडेनच्या आतल्या सालीचे वळत. लाकूड मऊ नि पांढरं; चर्चमधल्या कोरीव मूर्ती त्याच्याच. ऐन उन्हाळ्यात फिकट पिवळ्या फुलांचे झुबके लोंबतात आणि मधासारखा वास रस्ताभर पसरतो. त्या दिवसांत झाडाखाली उभं राहिलं की वर कुणी जातं फिरवतंय असं वाटतं, इतक्या मधमाश्या. जुलैत मला तापानं गाठलं तेव्हा मळ्याच्या स्वयंपाकघरातून याच वाळल्या फुलांचा काढा आला. आल्याविना आणि तुळशीविना काढा मला पटेना, पण घाम फुटला आणि ताप उतरला.

झाडाला खोडीही आहेत. पानांवर मावा पडतो आणि खाली चिकट थेंब गळत राहतात. बाकं, टोप्या, मोटारी, सगळं चिकट. मुळाशी माती खोल आणि ओलसर लागते. वरून डांबर ओतून माती दाबली, तर भर उन्हाळ्यात पानांच्या कडा करपतात आणि झाड मुकाट्यानं खंगत जातं. छाटणी मात्र कितीही करा, निमूट सोसतं. मळ्यात दर काही वर्षांनी रोप उपटून पुन्हा लावत, म्हणजे मुळं लांब पळत नाहीत, खोडाशीच झुबका धरतात. असं शिस्तीत वाढलेलं रोपच पुढं जागा बदलली तरी जगतं.

हे सगळं शिकलो, टिपलं, आणि शिकता शिकता थकलो. सकाळी पाव, संध्याकाळी पाव, मध्ये बटाटे. पाऊस तर असा की कोसळतही नाही आणि थांबतही नाही. दिवसभर परक्या भाषेत ऐकायचं आणि होकारार्थी मान हलवायची, याचासुद्धा शीण येतो हे मला पूर्वी कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात एकच विचार मनात होता. आखनला भाच्याला भेटायचं, तिथून सरहद्द ओलांडून अँटवर्पला बोट गाठायची आणि घरी जाऊन निजायचं.

आखन

माझा भाचा शरद आखनच्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करत होता. स्टेशनवर आला तो सायकल घेऊन. माझी ट्रंक त्यानं सायकलवर आडवी बांधली आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी ती सावरत घरी पोचलो. त्यानं वरणभात करून ठेवला होता. वरणाला फोडणी नव्हती, हिंग कधीच संपला होता. पण मी तीन वेळा भात घेतला आणि न बोलता झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची घरमालकीण, फ्राऊ श्टाइन, स्वतः वर आली. चाळिशीची, उंच, भरभर बोलणारी बाई. हातात मोठ्या ताटाएवढी एक गोल पोळी. तिच्या आत चक्क तांदळाची खीर थापून भाजलेली! त्या भागातला हा नेहमीचा पदार्थ आहे म्हणे. वेलदोडा नव्हता, तरी इतक्या महिन्यांनी खीर जिभेवर पडली म्हणून माझे डोळे भरून आले. ते पाहून बाईंना धीर आला असावा.

"हिला तुमच्याकडं एक काम आहे, मामा," शरद म्हणाला. "मी नाही म्हणून बघितलं."

कामाची हकिगत अशी. आखनपासून बसनं तासाभरावरच्या एका गावात तिचे वडील एकटे राहत. सगळे त्यांना ‘ओपा’ म्हणत, म्हणजे आजोबा. त्या गावाखाली तपकिरी कोळसा सापडला होता. कोळसा खणायचा म्हणून अख्खं गाव उठणार होतं, आणि दोन-तीन मैलांवर नवं गाव बांधून झालंही होतं. बरीच घरं रिकामी झाली होती. फ्राऊ श्टाइन आणि तिचा नवरा यांनी नव्या गावात घर घेतलं होतं. शहरातलं हे घर भाडेकरूंना ठेवून ते तिथं राहायला जाणार होते. वडिलांसाठी वरची खोलीही तयार होती. पण ओपा हलायला तयार नव्हते. गावाच्या मधोमध एक जुनं लिंडेन होतं. ते नव्या गावात नेऊन लावा, मग मी येतो, असं त्यांचं म्हणणं.

"सगळ्यांनी सांगितलं, हलवता येत नाही," फ्राऊ श्टाइन म्हणाली. "कोळशाच्या माणसांनी सांगितलं, पाद्र्यांनी सांगितलं, मी तर रोज सांगते. ते म्हणतात, तुम्हांला सगळ्यांना मला हलवायचंय, म्हणून खोटं बोलता. तुम्ही परके आहात. झाडांतलं तुम्हांला कळतं. तुमचं ऐकतील. फक्त सांगा, की होणार नाही."

खरं सांगायचं तर माझी जायची अजिबात इच्छा नव्हती. आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात. त्या वर्षांत तिकडं धरणाचं काम चालू होतं आणि एकेक गाव उठत होतं. आमचे दादा बायकामुलांसह नव्या वसाहतीत गेल्याला फार दिवस झाले नव्हते. गाव सोडण्याच्या गोष्टी ऐकायला सहा हजार मैलांवर यायची गरज नव्हती. पण बाईनं खीर आणली होती, आणि ती उत्तराची वाट पाहत दारात उभी होती.

"उद्या जाऊ," मी म्हटलं.

उठणारं गाव

त्या भागात साखर बिटापासून करतात. नोव्हेंबरात बीट खणायचा हंगाम. शेतांतून ट्रॅक्टर बाहेर पडतात आणि डांबरी रस्त्यावर चिखलाचे पट्टे सोडत जातात. बसमधून उतरून पाच पावलं चाललो नाही तोच माझा पाय सटकला आणि मी सरळ बसलो चिखलात. शरदनं आणि फ्राऊ श्टाइननं दोन्ही काखांत हात घालून उठवलं. लागलं काही नाही, पण पँट कमरेपासून खाली चिखलानं भरली.

गाव शांत होतं. अर्ध्या घरांच्या खिडक्यांना काचा नव्हत्या. एका अंगणात वाळत घालायची दोरी तेवढी राहिली होती. चौकात, चर्चच्या भिंतीपाशी, ते लिंडेन. पानं सगळी गळून गेलेली. खोड एवढं रुंद की पाच-सहा माणसांनी हात धरले तरच वेढा पडावा, आणि बुंध्याभोवती लाकडी बाक. आपल्याकडं वडाला पार असतो तसंच हे. पूर्वी इथं पंचांचे निवाडे होत, लग्नात नाच होई, असं फ्राऊ श्टाइननं सांगितलं.

ओपा दारातच उभे होते. ऐंशीच्या घरातले, हाडापेरानं दणकट, पांढऱ्या भुवया डोळ्यांवर आलेल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या पँटकडं पाहिलं, आणि आत जाऊन स्वतःची एक कॉर्डुरॉयची पँट घेऊन आले. ती मला इतकी ढगळ होती की खांद्यावरून घ्यायचे पट्टे लावूनही मला ती दोन्ही हातांनी धरावी लागे. शरद भिंतीकडं तोंड करून हसत होता. अशा अवतारात मी त्या माणसाला सरकारी तज्ज्ञ म्हणून सल्ला द्यायचा होता.

"हेर प्रोफेसर," ते म्हणाले, "आधी झाड बघा. माझ्या मुलीनं काय पढवलंय ते नंतर सांगा."

तिकडं बाईला फ्राऊ म्हणतात तसं पुरुषाला हेर, म्हणजे श्रीयुत. मी प्रोफेसर नाही हे सांगायचं मी सोडून दिलं आणि झाड बघितलं. खोड मागच्या बाजूनं उकललेलं, आत पोकळ. माणूस वाकून उभा राहील एवढी जागा. आत डोकं घातलं आणि पाहतच राहिलो. वरच्या धडक्या खोडातून मनगटाएवढी मुळं निघून पोकळीतल्या कुजक्या लाकडाच्या भुशातून सरळ खाली जमिनीत उतरली होती. जुनं लिंडेन आतून असं नवीन मुळांवर उभं राहतं हे मी मळ्यात ऐकलं होतं, पण पाहत होतो पहिल्यांदा. आपला वड पारंब्या चारचौघांत सोडतो. यानं सगळं पोटातल्या पोटात केलं होतं.

बाहेर आलो. ओपा बाकावर बसले होते. मी शेजारी बसलो. फ्राऊ श्टाइन समोर, हाताची घडी घालून. शरद दुभाष्या म्हणून मध्ये उभा.

"हलेल?" ओपांनी विचारलं.

वाटेत मी मऊ शब्द जुळवून ठेवले होते. आता ते जुळवायचाही कंटाळा आला.

"नाही," मी म्हटलं. "खोड पोकळ आहे, उचललं की फाटेल. मुळं चौकाच्या पलीकडं गेलीत, ती तोडावी लागतील. तुमची मुलगी खोटं बोलत नाही. हे झाड इथंच मरणार."

शरदनं माझ्याकडं पाहिलं. "असंच सांगू?"

"असंच सांग."

त्यानं सांगितलं. ओपांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, रुमाल पुन्हा नीट घडी करून ठेवला. फ्राऊ श्टाइनला इतके दिवस हेच हवं होतं, पण आता तिनं तोंड दुसरीकडं वळवलं.

मग ओपा म्हणाले, "तुमच्याकडंही कोळसा आहे का?"

"आमच्याकडं पाणी," मी म्हटलं. "धरण बांधताहेत. आमचं गाव त्यात जाणार. भाऊ गेला नव्या ठिकाणी."

"त्यानं बरोबर काय नेलं?"

"देव नेले. भांडी, गुरं. घराचे वासे नेले."

"झाड?"

"पिंपळ होता देवळापुढं. राहिला."

"आता तुमचा भाऊ बसतो कुठं?"

दादांच्या नव्या घरी मी एकदाच गेलो होतो. भर दुपारी ते पत्र्याच्या पडवीत बसले होते आणि सावली सरकेल तसा पाट सरकवत होते. तसं मी सांगितलं. शरदला ‘पाट’चं जर्मन सुचेना, तर तो चक्क खाली बसून सरकून दाखवायला लागला. ओपांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं.

मला तिथं नुसतं बसवेना. ढगळ पँट सावरत मी पुन्हा झाडाभोवती फिरलो. चर्चच्या भिंतीच्या बाजूला बुंध्याशी धुमारे फुटले होते, जुन्या लिंडेनला फुटतातच. पण तिकडं पालापाचोळ्याची जुनी रास होती आणि धुमारे तिच्यात गुडघाभर बुडालेले. ओपांची बायको दर वर्षी चौक झाडून पाला तिथं लोटायची म्हणे. ती गेल्यावर ओपांनी तेच चालू ठेवलं. मी हातानंच रास उकरली. खालचा पाला कुजून काळी माती झाली होती, आणि एका सरळसोट धुमाऱ्याला त्या मातीत पांढऱ्या मुळांचा झुबका फुटला होता, मळ्यातल्या रोपाला असतो तसा.

"शरद, कुदळ माग," मी ओरडलो. "आणि गोणपाट. ओलं करून आण."

ओपा उठून आले. मी मुळं दाखवली. "म्हातारं झाड येणार नाही," मी त्यांना माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. "पण हे त्याचंच आहे. बी नाही, कलम नाही. त्याचंच अंग. पानं गळलीत, जमीन अजून गोठली नाही. लावायचं तर आज."

नवं गाव

फ्राऊ श्टाइनच्या नवऱ्यानं आपली छोटी मोटार आणली. ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं रोप शरदच्या मांडीवर तिरकं. त्याचा शेंडा खिडकीबाहेर. ओपा पुढं बसले. नवं गाव त्यांनी अजून पाहिलंच नव्हतं. पाहायला सारखं बोलावणं होई आणि ते जात नसत.

गाव चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. सरळ रस्ते, प्रत्येक घरात न्हाणीघर, शाळेला मोठ्या खिडक्या. पण कुठंही सावली म्हणून नव्हती. चौकात मोटारी उभ्या करायला डांबर ओतलं होतं, आणि मध्ये झाडासाठी एक गोल भोक ठेवलं होतं, टेबलाएवढं.

"इथं लावू या," हेर श्टाइन म्हणाले.

"इथं नको. चारी बाजूंनी डांबर, मुळांना ना पाणी ना हवा. हिवाळ्यात बर्फ वितळायला मीठ टाकाल ते सगळं याच्याच पोटात. दहा वर्षांत वाळेल."

"मग आमच्या अंगणात?" फ्राऊ श्टाइननं विचारलं.

मी अंगण पाहिलं. भिंतीपासून चार ढांगांवर कुंपण. लिंडेन मोठं झालं की घराच्या छपराच्या दुप्पट वर जातं आणि तेवढंच पसरतं. हेर श्टाइननी माव्याच्या चिकट्याबद्दल ऐकलं होतं. त्यांनी मोटारीच्या टपावरून हात फिरवला.

आम्ही रोप घेऊन गावभर फिरलो. अंधारून यायला लागलं होतं, माझे गुडघे बोलत होते, आणि माझ्या मनात आलं की हे रोप आता गोणपाटातच मरणार. गाव संपलं तिथं नवं कब्रस्तान होतं. जुन्या गावची थडगी वसंतात तिथं आणायची होती. अजून नुसतं मोकळं रान. मी कडेला कुदळ मारली. कुदळ दांड्यापर्यंत आत गेली. पिवळसर, लोण्यासारखी माती, मुठीत दाबली तर गोळा व्हावी आणि बोटानं फोडली तर सुटावी. खाली दगड नाही. इतक्या महिन्यांत मी लिंडेनला याहून चांगली जमीन पाहिली नव्हती.

"इथं," मी म्हटलं.

"मेलेल्यांत?" ओपा चिडले. "लिंडेनखाली माणसं नाचतात."

"फाटर," फ्राऊ श्टाइन वडिलांना हळू आवाजात म्हणाली, "आई इथंच येणार आहे."

ओपांनी वाकून त्या मातीची एक मूठ उचलली. मग त्यांनी जावयाला पाद्र्यांकडं पिटाळलं. पाद्री छत्री घेऊन आले, जागा पाहिली, म्हणाले, "लावा."

खड्डा शरदनं खणला. मी पँट एका हातानं धरून मुळं पसरली. रोप जुन्या जागी जेवढं मातीत होतं तेवढंच बुडवलं, बोटभरही जास्त नाही. फ्राऊ श्टाइननं माती लोटली. एक खुंट ठोकला, आणि हेर श्टाइननी आपला मफलर सोडून रोप त्याला सैल बांधलं. पाऊस पडतच होता, तरी मी दोन बादल्या पाणी ओतायला लावलं, माती मुळांना चिकटावी म्हणून.

"झालं?" ओपांनी विचारलं.

"आज झालं. आता बुडाशी गवत वाढू द्यायचं नाही. सशांनी साल कुरतडू नये म्हणून जाळी लावायची. आणि पाणी. पहिले तीन उन्हाळे पाऊस कमी झाला की पाणी हवंच. भरपूर, खोल जाईल असं. चौथ्या वर्षी ते आपलं आपण बघेल."

"सावली कधी पडेल?"

"माणूस बसेल अशी? वीस-पंचवीस वर्षं."

ते हसले. पहिल्यांदाच हसले. मग वळून त्यांनी जुन्या गावाच्या दिशेनं पाहिलं. बिटाच्या शेतांपलीकडं धुकं उतरलं होतं, गाव दिसत नव्हतं.

"तिकडून बादली घेऊन इथवर यायचं," ते म्हणाले, "म्हणजे माझ्यानं होणार नाही."



"हिल्डे," त्यांनी मुलीला हाक मारली. "ती वरची खोली. तिची खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"याच बाजूला, फाटर," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरलं नाही.

मी तिसऱ्या दिवशी अँटवर्पला बोटीत बसलो आणि पहिले दोन दिवस नुसता झोपून होतो.

शरद पुढं डॉक्टर होऊन परत आला. पुणे स्टेशनवरून त्याला घरी आणताना मी आधी रोपाचंच विचारलं. जगलंय, म्हणाला, त्याच्या छातीशी लागतं. ओपा वसंतातच नव्या घरी राहायला आले होते. दोन उन्हाळे ते रोज संध्याकाळी बादली घेऊन जायचे, पाऊस पडलेला असला तरी. तिसऱ्या वर्षी हिवाळा संपता संपता ते गेले. बायकोशेजारी ठेवलं त्यांना.

"मग तिसऱ्या उन्हाळ्याचं पाणी?" मी विचारलं.

"फ्राऊ श्टाइन घालते. मी निघायच्या आदल्या दिवशी तिच्याबरोबर गेलो होतो. ती झाडाला पाणी घालते आणि शेजारी ओपांवर रागावते, मोठ्यानं, पूर्वी रागवायची अगदी तशीच. म्हणते, फाटर, तीन उन्हाळे पाणी घालायचं होतं, दोनच घातलंत."